समोर कोण आहे?

काकूंचा गुडघा बदलला त्याला तेव्हा दोन-अडीच महिने झाले होते. इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या जुन्या घरात त्या खाली राहतात, आम्ही वर. हॉस्पिटलातून फोन आला होता की या वेळची तपासणी घरबसल्या होईल, ॲप उघडून ठेवा, अकरा वाजता गुडघा किती वाकतोय ते बघू. काकू साडेदहालाच तयार. इस्त्रीचं पातळ, पाय ठेवायला समोर पाट, मांडीवर घडी केलेला टॉवेल. पातळ गुडघ्याच्या वर घ्यावं लागणार हे त्यांनी आधीच ओळखलं होतं. सुनेला सांगून मागच्या दोरीवरचे कपडे काढून घेतले, खिडकीचा पडदा ओढला, नातवाला गॅलरीत पिटाळलं. स्वयंपाकघरातून पोह्यांची वाफ आणि जिरावन मसाल्याचा वास येत होता. ऑफिसला निघताना मी डोकावले, तर त्यांनी फोनच माझ्यासमोर धरला. “हे बघ गं जरा. हा काय विचारतोय?”

पडद्यावर ती नेहमीची चौकट होती. फोनची भाषा हिंदी. ॲपला फोटो काढायची आणि व्हिडिओ रेकॉर्ड करायची परवानगी द्यायची का, एवढाच प्रश्न आणि खाली तीन पर्याय. काकूंचा सगळा जन्म शाळेत शिकवण्यात गेला, वाचल्याशिवाय त्या दूधवाल्याच्या वहीवरही सही करत नाहीत. त्यांनी ते वाक्य मोठ्याने वाचलं. मग म्हणाल्या, “हॉस्पिटलातून फोन करणाऱ्या मुलानं सांगितलं, नुसतं बघणार. इथे लिहिलंय, रेकॉर्ड करणार. आता मी कुणाचं खरं धरू?” आणि थोडं थांबून, आवाज खाली आणून, “आणि समोर बाई आहे की बुवा?”

मला उत्तर माहीत नव्हतं. ॲपमध्ये ते कुठेही लिहिलेलं नव्हतं. हॉस्पिटलच्या नंबरावर एक दाबा, दोन दाबा, मग बराच वेळ संगीत. तेवढ्यात काकूंनी शांतपणे नकाराचं बटण दाबलं. ॲपने पुन्हा तीच चौकट पुढे केली, त्यांनी पुन्हा नकार दिला. त्यानंतर पडद्यावर एक काळा चौकोन आला, मधोमध एक पांढरं चक्र फिरत राहिलं, आणि त्यापलीकडे काही घडलं नाही. मागे जायला वाट नव्हती, पुढे जायलाही नव्हती. अकरा वाजून गेले. काकू पाटावर पाय ठेवून तशाच बसल्या होत्या. साडेअकराच्या सुमाराला मेसेज आला, की आपण ठरलेल्या वेळी तपासणीला हजर राहिला नाहीत.

हजर राहिला नाहीत.

तो मेसेज माझ्या मनातून जाईना. मी पडदे बनवते; म्हणजे फोनवर माणसाला काय दिसावं, कुठलं बटण कुठे असावं, त्यावर कुठले शब्द असावेत, हे ठरवण्याचं काम करते. विजयनगरच्या आमच्या ऑफिसात त्या वेळी अशाच एका घरबसल्या तपासणीच्या ॲपचं काम सुरू होतं, दुसऱ्या कुणासाठी. त्यामुळे काळा चौकोन का आला, हे मला कळत होतं. ॲन्ड्रॉइड ११ पासून, म्हणजे २०२० पासून, एखाद्या ॲपला तुम्ही एकाच गोष्टीसाठी दोनदा नाही म्हटलंत की फोन ते कायमचं नाही समजतो आणि ॲपने कितीही विचारलं तरी ती चौकट पुन्हा दाखवत नाही. आयफोन तर एकदाच विचारतो. ही सोय माणसाच्या बाजूची आहे, मागे लागणाऱ्या ॲपांपासून वाचवणारी, आणि ती असावीच. पण त्यापुढे काय, हे ज्याचं ॲप त्यानं ठरवायचं असतं. नाही म्हटलेल्या माणसासाठी एक पडदा रेखाटायचा असतो, तिथे दोन ओळी लिहायच्या असतात, दुसरी एखादी वाट ठेवायची असते. इथे तो पडदाच कुणी केला नव्हता. काकूंचा नकार त्या नकाशात बसतच नव्हता, म्हणून त्याची नोंद गैरहजेरी अशी झाली.

सेटिंग्जमध्ये जाऊन मी कॅमेरा चालू करून देऊ शकले असते, अर्ध्या मिनिटाचं काम. सून तेच म्हणत होती. “करून टाका ना ताई, एवढं काय.” पण काकूंना बटण सापडत नव्हतं अशातला भाग नव्हता. त्यांनी दोन प्रश्न विचारले होते, दोन्ही नेमके, आणि दोन्हींची उत्तरं मिळाल्याशिवाय त्यांना पातळ वर घ्यायचं नव्हतं. फोनमधल्या इतक्या सरळ प्रश्नांना मी क्वचितच कुणाला इतका वेळ देताना पाहिलंय.

एरवी आपण कसे वागतो, ते बघायला सराफ्यात जावं. रात्री दहानंतर सोन्याचांदीची दुकानं मिटली की त्यांच्याच ओट्यांपुढे कढया लागतात. गराडूच्या, म्हणजे एका कंदाच्या, फोडी तेलात पडतात तो चर्र आवाज, भुट्ट्याच्या किसाचा दुधाळ वास, दहीवड्याचा द्रोण हवेत उडवून झेलणारा हात आणि त्याभोवती वर केलेले वीस-पंचवीस फोन. पैसे द्यायच्या वेळी प्रत्येक जण खिशातून फोन काढतो, पाटीवरच्या क्यूआर कोडवर धरतो, दुकानदाराचं खोकं रक्कम बोलून दाखवतं, की झालं. तिथे कॅमेऱ्याची चौकट पहिल्यांदा आली असेल त्या दिवशीही कुणी अडखळलं नसेल. मला पूर्वी वाटायचं की हा निष्काळजीपणा आहे, लोक वाचतच नाहीत. आता तसं वाटत नाही. तिथे वाचण्यासारखं काही राहिलेलंच नसतं. माणसानं स्वतः स्कॅनचं चिन्ह दाबलेलं असतं, समोर कागदावर काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा चौकोन असतो, कॅमेरा कशावर रोखलाय ते डोळ्यांना दिसत असतं, काम संपतं आणि कॅमेरा मिटतो. प्रश्न आणि कारण एकाच क्षणी समोर येतात. काकूंच्या ॲपने मात्र उघडल्या उघडल्या आधी सूचना पाठवायची परवानगी मागितली, मग ठिकाणाची, मग कॅमेऱ्याची. डॉक्टरचं नाव नाही, गुडघ्याचा उल्लेख नाही. दारात आलेल्या अनोळखी माणसानं नाव सांगायच्या आधी तिजोरी कुठे आहे विचारावं, तसं ते झालं.

आणि तो स्कॅनचा कॅमेरा तर पुष्कळदा मागण्याचीही गरज नसते. ॲन्ड्रॉइडवर गूगलचा एक तयार स्कॅनर आहे, ॲपने तो बोलावला की कोडातला मजकूर तेवढा हाती येतो, ॲपला स्वतःला कॅमेऱ्याची परवानगी लागत नाही. रिपोर्टचा एखादा फोटो हवा असेल तर ॲन्ड्रॉइड १३ बरोबर, २०२२ मध्ये, आलेली फोटो निवडायची खिडकी आहे. माणूस स्वतः निवडेल तेवढाच फोटो ॲपकडे जातो, बाकीचं कपाट बंद राहतं. आमच्याकडच्या यादीत कॅमेरा चार ठिकाणी लिहिलेला होता. आम्ही बसून एकेक ठिकाण तपासलं, तेव्हा खरोखर चालता कॅमेरा फक्त एका ठिकाणी लागत होता. जी परवानगी मागायचीच नाही, तिची चौकट कितीही सुंदर रेखाटली तरी उपयोग काय?

सराफ्यातली दुसरी गोष्ट मात्र मला सुटत नाही. ते वर केलेले फोन द्रोणावर रोखलेले असतात, पण त्यांच्या मागे मीही असते, तोंडात गरम गराडू, हात तेलकट. कुणाच्या तरी रीलमध्ये मी कितीदा गेले असेन. त्या फोनने परवानगी विचारली ती फोनच्या मालकाला. फोनची सगळी रचना अशी आहे की हातात धरणारा आणि दिसणारा एकच माणूस असतो, असं तिनं धरलेलं आहे. घरात तर ते आणखीनच खोटं पडतं. काकूंनी दोरीवरचे कपडे काढायला लावले, नातवाला गॅलरीत पिटाळलं, कारण त्यांच्या दृष्टीनं कॅमेरा खोलीत येणार होता. चौकटीच्या दृष्टीनं तो फक्त ॲपला मिळणार होता. या दोन समजुतींमध्ये काकूंची अधिक बरोबर आहे असं मला वाटतं, आणि आपलं काम करताना मी तीच धरून चालते.

कॅमेरा खोलीत येणार म्हटल्यावर बाईच्या मनात पहिला प्रश्न कुठला येतो, हे आपल्याच गावात कॅमेरा शिकलेल्या एका माणसाला फार आधी कळलं होतं. लाला दीनदयाळ १८६६ मध्ये इंदूरला आले ते सरकारी बांधकाम खात्यात नकाशे आणि अंदाजपत्रकं करायला. रुडकीला शिकलेले. फोटोचा नाद त्यांना इथेच लागला, १८७० च्या दशकात, आणि तुकोजीराव होळकर दुसरे यांचं पाठबळही इथेच मिळालं. पुढे ते हैदराबादला निजामाकडे गेले. तिथे १८९२ मध्ये त्यांनी फक्त बायकांसाठी एक स्टुडिओ काढला. भोवती उंच भिंती, आत सगळा कारभार एका इंग्रज बाईंच्या हाती, कॅमेऱ्यामागेही बायकाच. पडदा पाळणाऱ्या घरांतल्या बायका तिथे येऊन फोटो काढून घेऊ लागल्या. दीनदयाळांकडे त्या काळातले उत्तम कॅमेरे होते, नाव होतं, राजदरबारी वजन होतं. पण त्या बायकांना त्यातलं काहीच नको होतं. कॅमेऱ्यामागे कोण उभं आहे, हे त्यांना आधी कळायला हवं होतं. ते उत्तर स्टुडिओच्या भिंतींनीच देऊन टाकलं.

आईच्या लग्नाआधीचा एक फोटो आमच्याकडे आहे, इंदूरच्याच कुठल्याशा स्टुडिओतला. स्थळाला दाखवायला काढलेला. आई सांगायची की आजोबा शेजारी उभे होते, फोटोवाल्यानं तीनदा विचारलं, काढू का, आणि तिन्ही वेळा आजोबांनी हो म्हटलं, तिला कुणी विचारलं नाही. फोटोत ती कॅमेऱ्याकडे बघत नाही, थोडं बाजूला, बहुधा आजोबांकडे बघते आहे. लहानपणी मला तो फोटो फार आवडायचा. अजूनही आवडतो, पण आता तो बघताना पोटात काहीतरी हलतं. काकूंच्या सुनेनं “करून टाका ना ताई” म्हटलं तेव्हाही तसंच हलून गेलं. घरात एकाचा फोन दुसरा लावून देतो, चौकटी तिसरा दाबून टाकतो. काकूंच्या फोनवर बाकीच्या बहुतेक ॲपांना हो म्हटलेलं आहे ते बेंगळुरूच्या मोठ्या नातवानं, सुट्टीत आला होता तेव्हा, एका संध्याकाळी, पटापटा. प्रेमानंच. आजीला त्रास नको म्हणून.

पूर्वी तेवढंही नव्हतं, हे खरं. २०१५ पर्यंत ॲन्ड्रॉइडवर ॲप घ्यायच्या वेळीच सगळ्या परवानग्यांची एक लांब यादी यायची. सगळी मान्य करा नाहीतर ॲप घेऊ नका. त्या वर्षी आलेल्या सहाव्या आवृत्तीपासून गरज पडेल तेव्हा एकेक विचारायची पद्धत सुरू झाली. २०२० मध्ये “फक्त या वेळी” हा पर्याय आला. त्याच वर्षी आयफोनवर आणि पुढच्या वर्षी ॲन्ड्रॉइडवर, कॅमेरा चालू असेल तेव्हा वरच्या कोपऱ्यात हिरवी खूण दिसू लागली. मी काकूंना ती दाखवली. त्यांनी फोन डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, चष्मा बदलला. “एवढुशी?” म्हणाल्या. देवापुढच्या निरांजनाची ज्योत त्यांना पलीकडच्या खोलीतून दिसते, हा ठिपका हातात धरूनही दिसत नव्हता. मोतीबिंदू झालेले डोळे, सकाळचा उजेड पडद्यावर आलेला. म्हणून आमच्या ॲपात कॅमेरा चालू असेल तोवर वरती एक पूर्ण पट्टी ठेवली, तिच्यावर शब्द आहेत, “तुम्ही दिसत आहात”, आणि त्या पट्टीवर कुठेही बोट टेकलं की कॅमेरा मिटतो. ठिपका फोनचा आहे, तो खोटा पाडता येत नाही, हे त्याचं मोल मोठंच. पट्टी त्याच्या जोडीला आहे.

कायद्यानं याबाबतीत माणसाच्या बाजूनं बरंच बोलून ठेवलंय, आणि मला त्याचा आधार वाटतो. २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खाजगीपण हा मूलभूत हक्क आहे असं एकमतानं सांगितलं. २०२३ च्या वैयक्तिक डेटाच्या कायद्यात संमती मोकळेपणानं दिलेली, नेमक्या कामापुरती, माहिती घेऊन, बिनशर्त आणि निःसंदिग्ध असावी असं लिहिलंय. संमती देणं जितकं सोपं, तितकंच ती मागे घेणं सोपं असावं, हेही. ज्या सूचनेवर ही संमती मागायची, ती इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या बावीस भाषांपैकी कुठल्याही भाषेत वाचता आली पाहिजे. त्यात मराठी आहे, म्हणजे इंदूरच्या काकूंनाही ती मराठीत मागता येईल, मग फोनची भाषा काहीही असो. त्याच कायद्यात एक उदाहरण दिलंय, ते तर थेट आमच्या धंद्यातलं. फोनवरून वैद्यकीय सल्ला देणारं एक ॲप आहे, ते उपचारासाठी लागणाऱ्या माहितीसोबत फोनमधल्या संपर्कांची यादीही मागतं, आणि बाई दोन्हीला हो म्हणते. कायदा म्हणतो, संपर्कांची यादी उपचाराला लागत नाही, तेव्हा तिची संमती उपचारापुरतीच धरायची. तिनं हो म्हटलेलं असूनही. हे वाचलं तेव्हा मी खुर्चीत ताठ बसले. बटण दाबलं गेलं म्हणजे सगळं आपलं झालं, या आमच्या क्षेत्रातल्या समजुतीला यापेक्षा स्पष्ट उत्तर मी वाचलेलं नाही.

कर्ज देणाऱ्या ॲपांच्या बाबतीत रिझर्व्ह बँकेनं सप्टेंबर २०२२ मध्येच सांगितलं, की फोनमधल्या फायली, संपर्क, कॉलच्या नोंदी यांना हात लावायचा नाही. कॅमेरा, माइक, ठिकाण लागलंच तर ओळख पटवण्यासाठी एकदाच, तेही स्पष्ट संमतीनं. एकदाच हा शब्द मला फार मोलाचा वाटतो.

मग आमचा पडदा कसा असावा? कागदावर पेन्सिलीनं काढलेले चार-पाच नमुने घेऊन मी काकूंच्या मैत्रिणींकडे गेले. गुरुवारी खालच्या दिवाणखान्यात भजनाला जमतात त्या. आरती झाली, कापराचा धूर अजून खोलीत होता, साखरफुटाण्यांची वाटी फिरत होती. मी कागद पुढे केले आणि म्हटलं, हा फोन समजा, कुठे बोट लावाल? वाटलं होतं, बटणाचा आकार, रंग, अक्षरांची जाडी यावर बोलतील. त्यावर फार कुणी बोललं नाही. एक आजी म्हणाल्या, मागे देवघर दिसेल का? दुसऱ्या म्हणाल्या, तिकडे त्या डॉक्टरसोबत आणखी कोणी बसलेलं असेल तर मला कसं कळणार? तिसऱ्या बराच वेळ गप्प होत्या, शेवटी विचारलं, “मी नको म्हटलं तर डॉक्टर रागावतील का गं?” तिथे एकदम शांतता झाली. मग सगळ्याच बोलायला लागल्या. डॉक्टरांपुढे नको म्हणणं म्हणजे उद्धटपणा, पुढच्या वेळी नीट बघणार नाहीत, फाइल मागे टाकतील. त्या खोलीतल्या प्रत्येकीनं आयुष्यात कधी ना कधी, नको असताना, रागावतील म्हणून हो म्हटलेलं होतं. आमच्या क्षेत्रात ज्याला आम्ही संमतीचं प्रमाण म्हणतो आणि तक्त्यात हिरव्या रंगानं वर चढताना बघतो, त्यात असे हो किती असतील?

त्या संध्याकाळनंतर मी पडद्याचा मजकूर नव्यानं लिहिला. फोनची चौकट काय म्हणते ते आपल्या हाती नसतं. ती ॲप काय काय करू शकेल ते सांगते, आणि ते तिनं सांगायलाच हवं. आयफोनवर त्या चौकटीत ॲपवाल्याला कारणाचं एक वाक्य लिहावंच लागतं, पुष्कळ जण तिथे “कॅमेरा वापरण्यासाठी परवानगी हवी” असं लिहून मोकळे होतात. ॲन्ड्रॉइडवर ती जागाही नाही. म्हणून चौकटीच्या आधी आपला एक पडदा लागतो, आणि तो ॲप उघडताना येता कामा नये; भेट सुरू करायचं बटण माणसानं स्वतः दाबल्यावरच यावा. मी लिहिलं, “गुडघा किती वाकतो ते पाहण्यासाठी कॅमेरा लागेल. समोर फिजिओथेरपिस्ट आहेत, बाई. खोलीत त्यांच्याखेरीज कोणी नाही. आधी तुम्ही स्वतःला दिसाल. तुम्ही ‘दाखवा’ म्हटल्यावरच त्यांना दिसेल.” खाली दोन बटणं, सारख्याच मापाची, सारख्याच रंगाची. “कॅमेरा सुरू करा” आणि “कॅमेऱ्याशिवाय बोलू”.

मला त्यात आणखी एक वाक्य हवं होतं, की रेकॉर्डिंग होत नाही. ते लिहायच्या आधी सर्व्हर सांभाळणाऱ्या मुलाच्या टेबलाशी जाऊन बसले. त्यानं दाखवलं, चित्र कुठे साठत नाही, पण किती वाजता भेट सुरू झाली, किती मिनिटं चालली, मध्ये कितीदा तुटली, याची नोंद राहते. तेव्हा वाक्य बदललं. “तुमचं चित्र साठवलं जात नाही. किती वेळ बोललात एवढी नोंद राहते.” मग त्यानंच विचारलं, पलीकडच्या माणसानं दुसऱ्या फोननं समोरचा पडदा टिपला तर? आम्ही ॲपमध्ये स्क्रीनशॉट अडवू शकतो, ते केलंही. दुसऱ्या फोनला कुणी अडवू शकत नाही. त्याचं काय लिहायचं, यावर आम्ही दोघं बराच वेळ बसलो, चहा गार झाला. शेवटी काहीच लिहिलं नाही, पण पलीकडे बसणाऱ्या फिजिओथेरपिस्टच्या पडद्यावर, भेट सुरू व्हायच्या आधी, त्यांनी एकट्या असल्याचं आणि कुठलाही फोटो घेणार नसल्याचं स्वतः नोंदवावं, अशी एक पायरी घातली. “खोलीत कोणी नाही” हे आमचं वाक्य त्यांच्या त्या नोंदीवर उभं आहे. एवढ्यानं काकूंची खात्री पटेल का, मला माहीत नाही. माझी स्वतःची पूर्ण पटत नाही.

स्वतःला आधी बघण्याचा तो क्षण मात्र सगळ्यांना आवडला. कॅमेरा सुरू झाला की आपली खोली आपल्याला दिसते, पलीकडे अजून कुणी बघत नसतं. कागदावर त्या जागी मी नुसता एक रिकामा चौकोन काढला होता, तरी एका आजींनी तो हातात घेऊन पदर सारखा केला.

“कॅमेऱ्याशिवाय बोलू” दाबल्यावर काय, यावर ऑफिसात खरी खडाजंगी झाली. आवाजावर बोलून वाकलेला गुडघा मोजता येत नाही, हे सगळ्यांना मान्य. काही जणांचं म्हणणं, मग ते बटणच कशाला, उगीच आशा कशाला दाखवायची. मला वाटतं, ते बटण असलंच पाहिजे आणि त्यामागे खरं काहीतरी असलं पाहिजे. म्हणून तिथे आता तीन वाटा आहेत. आवाजावर बोलून दुखणं, सूज, चाल याबद्दल सांगता येतं. घरातल्या कुणाकडून मोजून घेता येतं, टाच नितंबाकडे किती येते ते पट्टीनं मोजायचं, त्याचं साधं चित्र दिलंय. नाहीतर प्रत्यक्ष भेटीची तारीख तिथल्या तिथे मिळते. आणि कुठलीही वाट घेतली तरी हॉस्पिटलच्या वहीत “हजर” असंच लिहिलं जातं. हे शेवटचं कलम मंजूर करून घ्यायला मला सर्वांत जास्त दिवस लागले, कारण ते पडद्याचं काम नव्हतं, हिशेबाचं होतं. कॅमेऱ्याशिवाय झालेल्या भेटीचे पैसे कसे धरायचे, असा तो प्रश्न.

दोन्ही बटणं सारखी ठेवण्यावरूनही वाद आहे. होचं बटण भरीव आणि ठळक, नकोचं नुसती करडी अक्षरं, अशी आमच्याकडची जुनी पद्धत. सगळे तसंच करतात, असं उत्तर मिळतं. ३० नोव्हेंबर २०२३ ला केंद्र सरकारच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं फसव्या रचनांचे तेरा प्रकार जाहीर केले, त्यात एक पर्याय मुद्दाम झाकून दुसऱ्याकडे ढकलणं आहे, माणसाला लाज वाटेल अशा शब्दांत नकार लिहिणं आहे, सतत मागे लागणं आहे. मी तो कागद छापून मीटिंगला नेला. एकदोघांनी वाचला. माझा एक तरुण सहकारी म्हणाला, “पण ताई, आपण फसवत थोडंच आहोत, त्यांच्याच गुडघ्यासाठी तर मागतोय.” तो मनापासून म्हणत होता, आणि म्हणूनच मला त्याच्याशी जास्त बोलावंसं वाटलं. चांगल्या हेतूनं ढकललेलं माणूसही ढकललेलंच असतं. गुडघा त्यांचा आहे, तो कुणाला दाखवायचा तेही त्यांनीच ठरवायचं. आजोबांचाही हेतू चांगलाच होता.

आता राहिलंय ते दर वेळी विचारण्याचं. बरेच दिवस न उघडलेल्या ॲपच्या परवानग्या ॲन्ड्रॉइड आपणहून काढून घेतो, पण तेवढ्यावर विसंबायचं नाही असं मी ठरवलंय. एकदा हो म्हटलं की पुढच्या सगळ्या भेटींना ते लागू, ही सोय आमच्या व्यवस्थापकांना हवी आहे. माणसाला पुन्हा पुन्हा त्रास नको, असं ते म्हणतात. फोनची परवानगी राहिली तरी राहू दे, पण आमचा पडदा प्रत्येक भेटीआधी यावा, असं माझं म्हणणं आहे. काकूंनी एका बाईंना गुडघा दाखवायला हो म्हटलं, तर ते त्या बाईंपुरतं. पुढच्या महिन्यात त्या रजेवर असतील, त्यांच्या जागी कुणी बुवा असतील, तर काकूंना ते कॅमेरा उघडायच्या आधी कळलं पाहिजे, त्याऐवजी बाईंचीच वेळ मागता आली पाहिजे, आणि त्यासाठी फोन करून संगीत ऐकत बसावं लागू नये. त्यासाठी कोणाची पाळी कधी आहे ते हॉस्पिटलच्या वेळापत्रकातून ॲपपर्यंत रोज सकाळी यायला हवं, आणि ते वेळापत्रक अजून एका वहीत हातानं लिहिलं जातं. ती वही लिहिणाऱ्या ताईंना भेटायला मी परवा जाणार आहे.